प्रथमपुरुषी नेमबाजीचे वेगवान खेळ : त्यांच्या आकर्षणाचा इतिहास

१. विषय व मर्यादा

ज्या खेळात खेळणाऱ्यास स्वतःची आकृती पडद्यावर दिसत नाही, दिसतात ते केवळ शस्त्र धरलेले हात व त्यांच्यापलीकडचे जग, आणि ज्यात धावणे, नेम धरणे व दुसऱ्याचा नेम चुकविणे या तिन्ही क्रिया एकाच क्षणी कराव्या लागतात, त्या खेळास इंग्रजीत ‘फर्स्ट पर्सन शूटर’ असे नाव आहे. प्रस्तुत लेखात त्यास ‘प्रथमपुरुषी नेमबाजीचा खेळ’ असे म्हटले आहे. या खेळांची एक अतिशय वेगवान शाखा विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात उदयास आली, पुढे काही काळ मागे पडली आणि गेल्या दहा वर्षांत पुन्हा वर आली. तिची ओढ तरुणांना का वाटते, हा प्रश्न सामान्यतः मानसशास्त्रज्ञांचा किंवा पोलिसांचा मानला जातो. तो इतिहासाचा आणि भाषेचाही आहे, असे दाखविण्याचा येथे हेतू आहे.

या विवेचनास निमित्त झालेले गाव वर्धा जिल्ह्यातील कारंजा (घाडगे) हे होय. नागपूर–अमरावती महामार्गावरील, संत्र्यांच्या बागांच्या पट्ट्यातील हे तालुक्याचे गाव. वाशिम जिल्ह्यातील कारंजा (लाड) याहून ते अर्थातच निराळे. अशा गावी सायंकाळी पारावर वा दुकानाच्या पायरीवर चार मुले चार मोबाइल घेऊन बसलेली आढळतात. ती एकमेकांकडे पाहत नाहीत, पण अखंड बोलत असतात : ‘मांगून येऊन राह्यला बे’, ‘मी मेलो’, ‘एक मारला’, ‘थांब, उठवतो तुले’. या बोलण्याकडे कान दिला, तर खेळाच्या आकर्षणाविषयी जे कळते ते केवळ पडद्याकडे पाहून कळत नाही.

२. शब्दविचार

प्रथम ‘प्रथमपुरुष’ या संज्ञेचा खुलासा करणे अवश्य आहे. संस्कृत व्याकरणात प्रथमपुरुष म्हणजे ‘तो’. ‘मी’साठी उत्तमपुरुष ही संज्ञा आहे. अर्वाचीन मराठी व्याकरणांनी क्रम उलटा केला व ‘मी’ला प्रथमपुरुष म्हटले. मराठीतील रूढीच येथे पाळली आहे. तथापि जुन्या विचारातील एक भेद आपल्या विषयास फार उपयोगी आहे. यास्काने निरुक्ताच्या सातव्या अध्यायात ऋचांचे तीन वर्ग केले : ज्यांत देवतेविषयी ‘तो’ म्हणून बोलले जाते त्या परोक्षकृत, ज्यांत तिला ‘तू’ म्हणून आवाहन होते त्या प्रत्यक्षकृत, आणि ज्यांत बोलणारा स्वतःच ‘मी’ म्हणून देवतेच्या ठायी उभा राहतो त्या आध्यात्मिक. पडद्यावरील खेळांचेही असेच वर्ग पडतात. बुद्धिबळासारख्या खेळात सैन्य ‘ते’ असते. पात्राच्या पाठीमागून पाहावयाच्या खेळात पात्र समोर असते. आपण त्यास जणू ‘तू धाव’ असे सांगत असतो. प्रथमपुरुषी खेळात पात्र उरतच नाही. जे उरते ते ‘मी’.

जर्मन भाषाशास्त्रज्ञ कार्ल ब्यूलर याने १९३४ सालच्या आपल्या ग्रंथात दाखविले, की ‘येथे’, ‘आता’ व ‘मी’ हे शब्द एका केंद्रबिंदूवरून अर्थ घेतात आणि तो बिंदू म्हणजे बोलणाऱ्याचा देह. प्रथमपुरुषी खेळ हा बिंदू देहातून उचलून पडद्याच्या आत नेऊन ठेवतो. पाराखाली बसलेला मुलगा ‘माझ्या डावीकडे’ म्हणतो तेव्हा ती डावी बाजू पाराची नसते. ही स्थानांतराची क्रिया विनासायास घडते, आणि आकर्षणाचा पहिला धागा येथेच आहे.

मराठीच्या प्रयोगव्यवस्थेतून आणखी एक गोष्ट दिसते. ‘मी मेलो’ हा कर्तरी प्रयोग; येथे क्रियापद ‘मी’शी बांधलेले असते. ‘मी एक मारला’ हा कर्मणी आणि ‘मी त्याला मारले’ हा भावे प्रयोग. या दोहोंत क्रियापद ‘मी’कडे पाहतही नाही. भाषेच्या या सामान्य नियमातून खेळणाऱ्याच्या मनाविषयी निष्कर्ष काढण्याचा मोह आवरला पाहिजे. परंतु मुलांच्या बोलण्यात ‘मी मेलो’ हे वाक्य खेदाचे नसून वार्ता देणारे असते, आणि त्यापाठोपाठ ‘आलो परत’ हे वाक्य येते, ही गोष्ट नोंदण्यासारखी आहे.

शब्दांच्या प्रवासाचीही येथे मौज आहे. ‘लूट’ हा शब्द अठराव्या शतकाच्या अखेरीस हिंदीतून इंग्रजीत गेला आणि आता खेळाच्या परिभाषेतून आपल्या मुलांच्या तोंडी परत आला आहे. जाताना जो अर्थ होता तो परतताना राहिला नाही. मराठीत लुटीला लुटला गेलेला कोणी धनी लागतो. खेळातील ‘लूट’ म्हणजे ओस घरात पडलेल्या, कोणाच्याही नसलेल्या वस्तू. ‘स्नायपर’ या शब्दाचे मूळही हिंदुस्थानातील इंग्रज लष्करी लोकांच्या पाणलाव्याच्या शिकारीशी जोडले जाते. त्या चपळ पक्ष्याचे इंग्रजी नाव स्नाइप. ‘अवतार’ हा शब्द तर १९८५ सालचा ‘अल्टिमा’ मालिकेतील चौथा खेळ व पुढील वर्षीचा ‘हॅबिटॅट’ यांच्याद्वारे संगणकाच्या जगात स्थिरावला. मात्र प्रथमपुरुषी खेळात अवतार घेणाऱ्यास आपला अवतार दिसत नाही.

३. उदय : १९७३ ते १९९९

या खेळांचा आरंभ करमणुकीच्या दुकानात झाला नाही. तो संशोधनसंस्थेत झाला. अमेरिकेतील नासाच्या एम्स संशोधन केंद्रात १९७३ च्या सुमारास स्टीव्ह कॉली, ग्रेग टॉम्प्सन व हॉवर्ड पामर या तरुणांनी ‘मेझ वॉर’ हा चक्रव्यूहाचा खेळ रचला. खेळणारा बोळांतून फिरे, आणि समोर आलेल्या प्रतिस्पर्ध्यावर गोळी झाडी. १९७४ साली इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो या शैक्षणिक संगणकव्यवस्थेवर जिम बॉवरी याचा ‘स्पॅसिम’ हा अंतराळयुद्धाचा खेळ आला. १९८० साली अटारी कंपनीने ‘बॅटलझोन’ हा रणगाड्याचा खेळ बाजारात आणला. या तिन्हींत ‘मी’ होता, परंतु वेग नव्हता. त्या काळच्या यंत्रांना तो पेलणाराच नव्हता.

वेग आला तो इड सॉफ्टवेअर या १९९१ साली स्थापन झालेल्या छोट्या मंडळीमुळे. जॉन कारमॅक, जॉन रोमेरो, एड्रियन कारमॅक आणि टॉम हॉल हे तिचे संस्थापक. मे १९९२ मधील ‘वोल्फेनस्टाइन थ्रीडी’ आणि १० डिसेंबर १९९३ रोजी प्रकाशित झालेला ‘डूम’ यांनी या प्रकाराचे स्वरूप निश्चित केले. ‘डूम’मध्ये जॉन कारमॅक याने अवकाशाचे द्विभाजन करीत जाण्याची एक गणिती पद्धत वापरली. ती १९८० साली फुक्स, केडेम व नेलर यांनी शोधनिबंधात मांडलेली होती. कोणती भिंत पुढे व कोणती मागे हे या पद्धतीने आधीच ठरलेले असल्यामुळे सामान्य घरगुती संगणकही सेकंदाला पस्तीस चित्रांपर्यंत काढू शके. खेळाचा पहिला भाग फुकट वाटण्यात आला. त्याची प्रत विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संगणकावर ठेवताच ती उतरवून घेणाऱ्यांची एवढी गर्दी झाली, की तेथील व्यवस्था कोलमडली. ‘डेथमॅच’ हा शब्द रोमेरो याने याच खेळाच्या निमित्ताने रूढ केला.

जून १९९६ मधील ‘क्वेक’ने जग खऱ्या अर्थाने त्रिमिती केले व आंतरजालावरून खेळण्याची सोय दिली. परंतु दूरध्वनीच्या तारेवरून संदेश जाऊन येण्यास विलंब होई, आणि कळ दाबल्यानंतर क्षणभराने पाय उचलला, तर तो पाय ‘माझा’ वाटत नाही. यावर त्याच वर्षाच्या अखेरीस ‘क्वेकवर्ल्ड’ या सुधारित आवृत्तीत उपाय निघाला : खेळणाऱ्याच्या संगणकाने दूरच्या संगणकाच्या उत्तराची वाट न पाहता स्वतःच्या हालचालीचा अंदाज बांधून ती लगेच दाखवावी, आणि उत्तर आल्यावर चूक असल्यास दुरुस्त करावी. इच्छा व कृती यांतील अंतर मिटविणे, हेच या खेळांच्या तांत्रिक इतिहासाचे मुख्य सूत्र आहे.

याच काळात खेळणाऱ्यांनी रचनाकारांस अनपेक्षित अशा चाली शोधल्या. स्वतःच्या पायाशी अग्निबाण फोडून त्या धक्क्याने उंच उडी घेणे, तिरक्या उड्या मारीत नेहमीच्या मर्यादेपलीकडे वेग वाढविणे, या युक्त्या पुढे कौशल्याच्या कसोट्या ठरल्या. डिसेंबर १९९९ मधील ‘क्वेक थ्री अरीना’ आणि त्याच्या काही दिवस आधीचा ‘अनरिअल टूर्नामेंट’ हे या वेगवान शाखेचे शिखर होय.

४. मंदावणे व पुनरागमन

शिखर गाठले त्याच वर्षी उताराचाही आरंभ झाला. मिन्ह ले व जेस क्लिफ या दोघांनी ‘हाफ-लाइफ’ या खेळात फेरफार करून जून १९९९ मध्ये ‘काउंटर-स्ट्राइक’ निर्माण केला. यात धावण्यापेक्षा दबा धरण्यास, उडीपेक्षा संयमास किंमत आली. २००१ सालचा ‘हेलो’ हा दूरचित्रवाणी-संचावर हातातल्या नियंत्रकाने खेळण्याचा होता. अंगठ्याने नेम धरावयाचा असल्याने त्याची गती बेताची. पुढे ‘कॉल ऑफ ड्यूटी’ मालिकेने आडोशाला थांबून जखम भरू देण्याची पद्धत लोकप्रिय केली. वेगवान शाखा लुप्त झाल्यासारखी वाटली. मे २०१६ मध्ये ‘डूम’ नव्या रूपात आला आणि त्याने आडोसा घेण्याऐवजी शत्रूवर धावून जाणाऱ्यासच आरोग्य देण्याचा नियम केला. मार्च २०२० मध्ये ‘डूम इटर्नल’ आला. ‘डस्क’ (२०१८) यांसारखे छोट्या मंडळींचे खेळ जुनी खडबडीत चित्रशैलीही जाणूनबुजून परत घेऊन आले. जुनी चित्रे परत आली तरी खेळणारे त्यांना हसले नाहीत, यावरून आकर्षण चित्राच्या हुबेहूबपणात नव्हते, हे उघड होते.

५. आकर्षणाची अंगे

मग ते कशात होते? फ्रेंच विचारवंत रोजे कायवा याने १९५८ साली खेळांचे चार मूलभाव सांगितले : स्पर्धा, दैव, सोंग आणि भोवळ. वेगवान नेमबाजीच्या खेळात स्पर्धा व भोवळ यांचा संयोग आहे. पाळण्यात बसलेल्यास भोवळीचा आनंद मिळतो, पण पाळणा त्याच्या ताब्यात नसतो. येथे भोवळ आणणारा व सावरणारा एकच. मन इतके व्यापलेले असते, की स्वतःकडे पाहण्यास जागा उरत नाही. मिहाय चिक्सेंटमिहाय याने १९७० नंतरच्या दशकात वर्णिलेली ‘प्रवाहा’ची अवस्था हीच, आव्हान व कौशल्य समतोल असता ती येते.

दुसरे अंग चुकीच्या स्वस्तपणाचे. परीक्षेतील चूक वर्षभर भोवते, शेतातील चूक हंगामभर. येथे चूक कळण्यास निमिष लागते आणि सुधारण्याची संधी पुढच्या निमिषात मिळते. ज्या मुलाच्या बाकीच्या आयुष्यात प्रयत्न व फळ यांचा संबंध दूरचा आणि पावसावर, भावावर वा भरतीच्या जाहिरातीवर अवलंबून असतो, त्यास हा तात्काळ न्याय गोड वाटल्यास नवल नाही.

हिंसेचे काय, असा प्रश्न येथे रास्तपणे येईल. प्रिझबिल्स्की, रिग्बी व रायन यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खेळातील हिंसेचे प्रमाण कमीअधिक करून पाहिले. स्वायत्तता व कौशल्य यांची जाणीव जमेस धरल्यावर हिंसेमुळे आनंदात विशेष भर पडत नाही, असे त्यांस आढळले. ग्रीन व बावेलिए यांनी २००३ साली दाखविले, की असे खेळ रोज एक तास याप्रमाणे दहा दिवस खेळलेल्या नवख्यांची दृष्टीची अवधानशक्ती वाढते. या निष्कर्षांवरून खेळ निर्दोष ठरत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या रोगांच्या वर्गीकरणात खेळावरील ताबा सुटण्याच्या विकारास स्थान दिले आहे, आणि ज्या घरात असा मुलगा आहे त्या घरास त्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

६. संजीवनी, गामिनी, अमर

हे सारे परदेशी व उपरे आहे, असा समज आपल्याकडे आहे. मुलांची परिभाषा मात्र वेगळे सांगते. हुतूतू-कबड्डीचे नियम एकसूत्री होण्यापूर्वी तिचे तीन प्रकार प्रसिद्ध होते. संजीवनीत प्रतिपक्षाचा गडी बाद झाला, की आपला बाद झालेला गडी जिवंत होई. गामिनीत बाद झालेला गडी सर्व संघ बाद होईपर्यंत बाहेरच राही. अमर या प्रकारात बाद होऊनही गडी मैदान सोडीत नसे. केवळ गुण मोजले जात आणि वेळ संपल्यावर निर्णय होई.

पडद्यावरील नेमबाजीचे तीन मुख्य प्रकार याच साच्यांत बसतात. ‘क्वेक’चा डेथमॅच हा अमर होय : मेलेला तत्क्षणी परत येतो, मोजला जातो तो फक्त गुण. ‘काउंटर-स्ट्राइक’ची फेरी ही गामिनी : मेलेला फेरी संपेपर्यंत प्रेक्षक. आणि घायाळ सोबत्यास हात देऊन उठविण्याची, आज मोबाइलवर रूढ असलेली पद्धत ही संजीवनीची चुलत बहीण. भेद इतकाच, की येथे जीव परत मिळतो तो शत्रूच्या पडण्याने नव्हे, मित्राच्या धावून येण्याने. हे साम्य उसनवारीचे नाही. मरणास खेळात कसे बसवावे या एकाच प्रश्नाला दोन समाजांनी दिलेली ती सारखी उत्तरे आहेत. ‘मी मेलो’ हे वाक्य मुलाने पडद्यावरून शिकलेले नाही; ते त्याच्या आजोबांनी मैदानावर म्हटलेले आहे. विदर्भात आवडीने खेळल्या जाणाऱ्या आट्यापाट्यांतही शरीराच्या हुलकावणीने पाटीवाल्यास चकविण्याचे जे सुख आहे, ते वेगवान नेमबाजीतील बगल देण्याच्या सुखाशी सजातीय आहे. हानी झाली असेल तर ती येथे : हात, पाय आणि श्वास यांचा खेळ दोन अंगठ्यांत आटला.

७. आपल्या प्रदेशातील प्रवेश व बंदी

पुणे, मुंबई, नागपूर अशा शहरांत हे खेळ प्रथम संगणक-केंद्रांतून व महाविद्यालयीन वसतिगृहांतून पसरले. ‘काउंटर-स्ट्राइक’ हा तेथील पिढीचा खेळ. तालुक्याच्या गावी संगणकाची ती पायरी बहुतांशी गाळली गेली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यावर स्वस्त जोडणी मोबाइलवरच आली आणि मार्च २०१८ मधील ‘पबजी मोबाइल’ व साध्या मोबाइलवरही चालणारा ‘फ्री फायर’ हे खेळ तिच्यावर स्वार होऊन आले. हे खेळ मुख्यतः पात्राच्या पाठीमागून पाहण्याचे, म्हणजे आपल्या वर्गीकरणात ‘तू’चे आहेत, ‘पबजी’त प्रथमपुरुषी प्रकार निवडता येतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘कॉल ऑफ ड्यूटी : मोबाइल’ हा प्रथमपुरुषी नेमबाजीचा खेळ मोबाइलवर आला. पुण्यातील सुपरगेमिंग या संस्थेने ‘मास्कगन’ हा प्रथमपुरुषी खेळ बनविला. तिचाच ‘इंडस’ ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

२ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र शासनाने माहिती-तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ खाली ११८ अनुप्रयोगांवर बंदी घातली. त्यांत ‘पबजी मोबाइल’ होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘फ्री फायर’ही बंद झाला. घरोघरी ही बंदी मुलांच्या हितासाठी आली असे समजले गेले, परंतु अधिकृत कारण देशाची सुरक्षितता व सार्वभौमत्व हे होते. त्यामुळे ‘पबजी’चाच भारतीय अवतार जुलै २०२१ मध्ये आला, जुलै २०२२ मध्ये हटविला गेला आणि मे २०२३ मध्ये, अल्पवयीनांस दिवसाला तीन तास व इतरांस सहा तास अशा मर्यादेसह, परत आला. २०२५ च्या कायद्याने पैशाचे ऑनलाइन खेळ निषिद्ध ठरविले व ई-क्रीडेस मान्यता दिली. दारूबंदीच्या या जिल्ह्यातील लोकांस बंदी व वस्तू यांचा संबंध सरळ नसतो हे निराळे सांगावयास नको.

८. समारोप

वरील इतिहासातून एक भेद स्पष्ट होतो आणि तोच या लेखाचा निष्कर्ष आहे. १९९३ ते १९९९ या काळातील वेगवान खेळांत स्पर्धा व भोवळ होती. दैव नव्हते आणि विक्रीची दुकानेही नव्हती. एकदा किंमत दिली, की खेळ संपूर्ण मिळे. आजच्या मोबाइल-खेळांत रोजची बक्षिसे, मुदतीचे हंगाम, नशिबाने उघडणाऱ्या पेट्या व पैसे देऊन घ्यावयाचे वेष यांची भर पडली आहे. मुलास जखडून ठेवणारी साखळी बरीचशी या दुसऱ्या कड्यांची आहे. पहिल्या कड्या कौशल्य, सोबत आणि क्षणभर स्वतःस विसरणे यांच्या आहेत. ‘व्यसन’ या एकाच शब्दाखाली दोन्ही गोष्टी घातल्या, तर पालकाचा व शिक्षकाचा राग नेमका निरुपद्रवी भागावर निघतो आणि उपद्रवी भाग मोकळा सुटतो. मुलाने ‘थांब, उठवतो तुले’ म्हणून मित्रासाठी धाव घेतली त्या क्षणीच मोबाइल हिसकावला जातो. पेटी उघडण्यासाठी घरच्या खात्यातून पैसे गेले ते मात्र महिन्याअखेर कळते.

हा भेद मुलांच्या बोलण्यात ऐकू येतो, म्हणूनच भाषेच्या अभ्यासकाचे येथे काम आहे. नेम, धाव व सोबत यांविषयीचे शब्द मुलांनी आपल्या बोलीत मुरवून घेतले आहेत : ‘येऊन राह्यला’, ‘उठवतो’, ‘मेलो’. पेट्या, हंगाम व वेष यांचे शब्द मात्र इंग्रजीच राहिले आहेत. बोलीने जे आत घेतले आणि जे उंबऱ्यावरच ठेवले त्याची यादी करणे, हे वर्धा, नागपूर व अमरावती जिल्ह्यांतील आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांस सहज करता येण्याजोगे काम आहे. मुलांची व पालकांची संमती घेऊन, गावोगावच्या पारांवरून हे शब्द ते ज्या वाक्यांत येतात त्या वाक्यांसह टिपावेत. खेळ बदलतील, काही बंदही होतील. परंतु त्या निमित्ताने नागपुरी-वऱ्हाडी बोलीने ‘मी’ कोठे ठेवला, याची नोंद आज केली नाही, तर ती पुढे कोणालाही करता येणार नाही.